सांगणाऱ्याचं कर्तव्य कुठे संपतं?

मण्यार बहुधा रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. सूज नाही, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. पोटात दुखतंय म्हणून माणूस येतो आणि पहाटेपर्यंत त्याच्या पापण्या मिटू लागतात. आरोग्य केंद्रात तेव्हा एक तरुण डॉक्टर असतो आणि एक सिस्टर. सर्पदंशाच्या उपचारांचे नियम मोबाइलवर आहेत, पण त्या लांबलचक पीडीएफमध्ये आधी प्रस्तावना, मग समितीची नावं, मग सापांचं वर्गीकरण. हवं ते पान येईपर्यंत रुग्णाचा श्वास उथळ झालेला असतो.

कोकणात मी बरीच वर्षं वैद्यकीय अधिकारी होते. सत्य लिहून झालं की लिहिणाऱ्याचं कर्तव्य संपतं का, हा प्रश्न मला तिथे पडला आणि अजून सुटलेला नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्य होऊ पाहणाऱ्याने ग्रंथ कसा निवडावा याची चर्चा आहे. पुनरुक्ती नको, क्लिष्ट शब्द नकोत, प्रकरणांची सरमिसळ नको, अर्थ चटकन उमगावा, आणि तीनही प्रतींच्या बुद्धीच्या शिष्यांना तो उपयोगी पडावा. अर्थाच्या निश्चितीची अटही याच यादीत आहे. सुबोधता तिथे खालच्या पंक्तीला बसवलेली नाही. तीन बुद्धींचं म्हणणं तर मला फार खोल वाटतं. त्या तिन्ही एकाच डॉक्टरच्या असू शकतात: सकाळच्या ओपीडीत तीव्र, दुपारी मध्यम, आणि रात्री तीनला, समोर नातेवाईक रडत असताना, मंद. नियम त्या तिसऱ्या बुद्धीसाठी लिहायला हवेत.

सगळं आयतं दिलं तर डॉक्टर विचार करणं सोडतील, असं माझे ज्येष्ठ सहकारी म्हणत. ही भीती खरी आहे. पण त्यावर उपाय अवघड लिहिणं हा नाही. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकंच प्रतिविष द्या, असा नियम आहे. नुसता आदेश वाचला की हात कचरतो, कारण बाकी प्रत्येक औषध आपण मुलाच्या वजनावर देतो. साप मूल पाहून विष कमी सोडत नाही, एवढं एक वाक्य शेजारी असलं की हात ठाम होतो. तसंच रक्त गोठण्याच्या चाचणीचं. वीस मिनिटं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीतच ठेवायचं; प्लास्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही. हे कारण ठाऊक असलेली सिस्टर नळी बदलते. नसलेली चुकीचा निकाल नोंदवते. म्हणून कारणाला परिशिष्टात ढकलणं मला अन्यायाचं वाटतं.

मसुदा मंजूर होण्याआधी तो रात्रपाळीच्या सिस्टरच्या हाती द्यावा. तज्ज्ञांनी शेजारी बसावं, काही समजावून सांगू नये, आणि तिचं बोट कुठे अडतं ते पाहावं. जिथे अडेल ते पान परत लिहायचं, मग त्यातलं प्रत्येक विधान शास्त्रशुद्ध का असेना.