म्हणे फोन डेड!

हसू नका. हसण्यासारखं इथे काहीही घडलेलं नाही. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाची पोरं तुम्ही. ऑफिसच्या टेबलावर साधा वायरचा फोन लावून द्या म्हटलं, तर तासाभरात स्टोअरला चिठ्ठी : 'फोन डेड आहे, नवीन मागवावा.' खाली सही मॉनिटरची. उभा राहा.

रिसीव्हर उचलून कानाला लावला होतास? नाही. मग डेड कशावरून ठरवलंस? वाजला नाही म्हणून! अरे, रिंगरचं बटण 'ऑफ'वर होतं. इन्स्ट्रुमेंटच्या कडेला नखाएवढं सरकतं बटण असतं, ते बघायची तसदी नको. नाडी न बघता तिरडी बांधायला घेतलीत तुम्ही.

फोन लावला की पहिलं काम एकच : रिसीव्हर उचलायचा आणि ऐकायचं. आपल्याकडचा डायल टोन 400 हर्ट्झचा, जरा घरघरता, न थांबता चालणारा. तो आला म्हणजे एक्स्चेंजपासून तुमच्या कानापर्यंतचा रस्ता मोकळा आहे. पाऊण सेकंद आवाज, पाऊण सेकंद शांतता असं चाललं असेल तर समोरचा एंगेज. दोन छोट्या ठोक्यांनंतर दोन सेकंदांची विश्रांती ऐकू येत असेल, तर तिकडे घंटी वाजते आहे, धीर धरा. फोन स्वतःच्या तोंडाने सगळं सांगतो, पण तुम्हाला बघायची सवय, ऐकायची नाही. मोबाइलवर पट्ट्या मोजत मोठी झालेली पिढी!

बरं, टोन का येत नव्हता? हा फोन बघा. वेटोळ्यांची वायर रिसीव्हरची, तिचा प्लग अरुंद. सरळ वायर लाइनची, तिचा प्लग रुंद. या महाभागांनी अरुंद प्लग लाइनच्या खाचेत कोंबला. तो जातो, ढिला बसतो आणि कडेच्या पिना वाकवतो. रुंद प्लग मग दुसरीकडे जाईना, तर एकाने पक्कड आणली. पक्कड! प्लग बरोबर बसला की 'टक्' वाजतं आणि हलक्या हाताने ओढला तर निघत नाही. यापलीकडे त्यात जोर लावण्यासारखं काही नाही.

आणि रोझेट उघडून तारा चाचपत कोण बसलं होतं, तेही मला ठाऊक आहे. रिसीव्हर ठेवलेला असताना तांब्याच्या लाइनवर 48 व्होल्ट डीसी असतो. उचलला की तो दहाच्या आसपास उतरतो. मीटर लावून बघा, उतरला नाही तर बिघाड तुमच्या इन्स्ट्रुमेंटमध्ये किंवा वायरीत शोधायचा. पण घंटी वाजवायला एक्स्चेंज 75 व्होल्टच्या आसपास एसी सोडतं. तारा बोटांत धरलेल्या असताना नेमका कोणाचा फोन आला असता, तर किंचाळलेला सगळ्या इमारतीने ऐकला असता.

हा 48 व्होल्ट एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवरून येतो, म्हणून वीज गेली तरी असा फोन चालतो. तुमच्यापैकी अर्ध्यांच्या घरी फायबर आहे. तिथे फोन मोडेमच्या मागे लागतो, मोडेमला वीज लागते. बॅकअप नसेल तर लाइट गेले की फोन गेला. घरी तीच तक्रार घेऊन कोणाच्या अंगावर जाऊ नका.

आता टोन आला, तर नवं रडगाणं. 'बाई, बँकेचं मशीन ऐकतच नाही. मराठीसाठी 1 दाबा म्हणतं, आम्ही दाबतो, ते पुन्हा तेच म्हणतं.' फोन उलटा करा. तळाशी 'पी' आणि 'टी' असं बटण आहे. कुठे होतं? 'पी'वर. पल्समध्ये 5 दाबलं की फोन लाइन पाच वेळा तोडतो आणि जोडतो, 0 ला दहा वेळा. चकतीच्या फोनची ही पद्धत आपल्या एक्स्चेंजला समजते, नंबर लागतो, म्हणून तुम्ही निर्धास्त. बँकेच्या मशीनला मात्र सूर हवे असतात : 1 साठी 697 आणि 1209 हर्ट्झ, दोन्ही एकदम. 'टी'वर सरकवा, मिळतील. डीटीएमएफचं हे कोष्टक तुमच्या जर्नलमध्ये आहे, लाल शाईने चौकट आखून, सुबक अक्षरात. उतरवताना डोकं कुठे ठेवलं होतं?

मोबाइलला फोन लागत नाही, हे तर मला ऐकायचंच नाही. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी 0 लावावा लागतो. प्रत्येक वेळी टेप तेच सांगते आणि तुम्ही ती संपायच्या आत फोन आपटता.

आपटण्यावरून आठवलं. काल दुपारभर ऑफिसचा नंबर एंगेज होता. का? रिसीव्हरखाली हजेरीपटाचा कोपरा. हुक पूर्ण दबला नाही की एक्स्चेंजच्या लेखी तुम्ही बोलताच आहात, आणि त्याच लाइनवरचा आतल्या खोलीतला फोनही अडकतो. प्रवेशाचे दिवस आहेत, गावाकडून पालक नंबर फिरवत बसले असतील. वेटोळ्याला पीळ पडला की वायर आखडते आणि रिसीव्हर तिरका बसतो. तो लोंबता सोडा, गरगरत आपोआप सुटेल. आणि हुक नुसता टिचकी मारल्यासारखा दाबू नका. तेवढ्याने कधी कधी फोन कटत नाही, फ्लॅश जातो. दोन सेकंद दाबून धरा.

उचलल्यावर 'हां, बोला, कोण?' हे बंद. आधी संस्थेचं नाव, मग नमस्कार. निरोप असेल तर नाव, नंबर, वेळ वहीत. तळहातावर नाही.

आता ओळीने पुढे या. प्लग काढायचा, लावायचा, टोन ऐकायचा, 0 लावून स्वतःच्या मोबाइलवर रिंग द्यायची, रिसीव्हर नीट ठेवायचा. मी इथेच उभी आहे. तिसऱ्या बाकावरचा, तू सुरू कर. हात ओला दिसतोय, आधी पूस.