ज्याच्या हाती टाळ नाही

माउलींच्या पालखीचा मुक्काम पडला की संध्याकाळी तळावर समाजआरती होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दिंड्या गोलाकार उभ्या असतात, टाळांचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंच करून ‘हो’ अशी आरोळी देतात आणि एवढा मोठा समाज क्षणात चिडीचूप होतो. मात्र एखाद्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तर ती आपले टाळ थांबवीत नाही. चोपदार तिकडे जातात, काय झाले ते विचारतात, आणि तक्रार सर्वांच्या कानी घालतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा, उद्याच्या निघण्याची वेळ, आणि नंतर आरती. हैबतबाबा आरफळकरांनी १९व्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त लावून दिली तिचे हे वैभव. कोणाचे गाऱ्हाणे ऐकल्यावाचून देवाची आरतीसुद्धा होत नाही!

पण सज्जनहो, गेले वर्षभर एक गोष्ट माझ्या मनाला डाचते आहे. गाऱ्हाणे ऐकू येते ते टाळ हाती असलेल्यांचे. ज्याच्या हाती टाळच नाही, त्याचे काय?

हे सुचले ते काही वाचून नव्हे. मी कामोठ्यास राहतो. सिडकोने १९७० नंतर या खाडीकाठच्या भातशेतीच्या जमिनी घेतल्या आणि त्यावर सेक्टर पाडले. आता जुने गाव उंच इमारतींच्या मधोमध राहिले आहे. गावातल्या मंदिरात आमचा हरिपाठ असतो. गावची आगरी मंडळी, घाटावरून नोकरीसाठी आलेली मंडळी, सगळे एकत्र बसतो. त्यांत एक बाई येत. मूळच्या मराठवाड्यातल्या, चार घरी धुणीभांडी करीत, नवरा बांधकामावर. दाराजवळ बसत आणि पदर तोंडाला लावून खोकत. एक महिना गेला, दोन गेले. आम्ही त्यांना प्रसाद दिला. शेजारच्या बाया हळूहळू थोड्या सरकून बसू लागल्या, हेही मी पाहिले. एकदा मीच म्हणालो, “अहो ताई, इतका खोकला बरा नव्हे. दवाखाना काही लांब नाही.” त्या म्हणाल्या, “जवळच हाय की महाराज. पर गेलं की दिसाचा खाडा पडतो. आन् दोन खाडे झाले की मालकीण दुसरी बाई बघती.”

मी मान हलवली आणि वीणा उतरवायला गेलो. दिवाळीनंतर त्या येईनाशा झाल्या. पुढे कळले ते असे: क्षय होता, फार उशिरा ध्यानात आला. औषध सुरू झाले, पण काम सुटले, खोलीचे भाडे थकले, म्हणून कुटुंब गावी निघून गेले. तिकडे औषध पुरे झाले की नाही, आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. त्यांच्या गावाचे नावही कोणी विचारून ठेवले नव्हते.

आता कोणी म्हणेल, दवाखान्याचे दार उघडे होते, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून मिळते, साधारण सहा महिन्यांचे औषध सरकार फुकट देते, २०१८ पासून पोषणासाठी महिन्याला पाचशे रुपये मिळत होते, ते २०२४च्या नोव्हेंबरापासून हजार झाले. दार सर्वांना सारखेच उघडे असता एखादी आली नाही, तर दोष कोणाचा? प्रश्न रास्त दिसतो. मीही पुष्कळ दिवस स्वतःची अशीच समजूत घालीत होतो.

पण दिवे घाट आठवा. पुण्याहून सासवडला जाताना घाट लागला की माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जोडतात. सपाटीवर एक जोडी पुरते. घाटात कोणी म्हणत नाही, “सपाटीवर एक जोडी, मग इथे जादा कशाला? हा पक्षपात झाला!” चढ आहे म्हणून जोडी वाढते. रथ मुक्कामी पोचला पाहिजे, ही समता. पगारी रजा असलेल्या माणसाला दवाखान्यापर्यंतचा रस्ता सपाट आहे. त्या बाईंना त्याच रस्त्यावर घाट होता, आणि तो आमच्या डोळ्यांना दिसला नाही.

दुसरा आक्षेप आपल्यातच जास्त ऐकू येतो. आजार हा ज्याचा त्याचा भोग, प्रारब्ध टळत नाही, मग ही नियोजनाची उठाठेव कशाला? त्यांना मी एवढेच विचारतो की पटकीचे काय झाले? एके काळी पंढरीच्या यात्रेत पटकीची साथ फुटे आणि वारकरी परतताना ती गावोगाव नेत. यात्रेकरूंना पटकीची लस टोचून घेण्याची सक्ती होती, हे जुन्या मंडळींच्या तोंडून पुष्कळांनी ऐकले असेल. पाणी शुद्ध करण्याची, घाण दूर ठेवण्याची व्यवस्था झाली, तसतशी ती भीती सरली. लाखो वारकऱ्यांचे प्रारब्ध काय एकदम पालटले? पालटले ते पाणी. २०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीला गेल्या. जीव तुटला, पण आपण ते मान्य केले, कारण एकाचा आजार एकाचाच राहत नाही हे सर्वांना पटले होते. मग हे शहाणपण साथीपुरतेच का ठेवावे? औषध न घेतलेला एक क्षयरोगी वर्षभरात जवळच्या पाच-पंधरा जणांना लागण देऊ शकतो. हरिपाठात दाराजवळ बसणारीचा खोकला आमचाही होता.

टाळ नसलेल्याचे गाऱ्हाणे ऐकायचे तर एकच उपाय दिसतो. त्याच्या दारी जायचे, त्याला विचारायचे, आणि मोजायचे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी हेच केले. तिथली नवजात बालके घरातच जन्मत आणि घरातच मरत. दवाखान्याच्या वहीत त्यांचे नाव येण्याचे कारणच नव्हते. त्यांनी आधी गावोगावचे जन्म-मृत्यू मोजले. मग ३९ गावांत थोडे शिकलेल्या गावच्याच बायांना बाळाची काळजी घ्यायला, श्वास अडकला तर उपाय करायला, जंतुदोष ओळखून औषध द्यायला शिकवले. नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो वृत्तांत छापला. पुढे हीच रीत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. बाळाला टाळ वाजवता येत नाही. त्याच्यासाठी कोणीतरी मोजदाद ठेवावी लागते.

आमच्याकडे अडचण निराळी. गडचिरोलीत दवाखाना दूर, इथे माणसेच एकमेकांपासून दूर. नागरी आरोग्य अभियान २०१३ साली आले. त्याचे माप असे की पन्नास हजार वस्तीमागे एक नागरी आरोग्य केंद्र. माप चांगलेच आहे. पण त्या पन्नास हजारांत चारचाकी गाडीवाला एकच धरला जातो आणि बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीतला मजूरही एकच. शिवाय तो मजूर इमारत पुरी झाली की दुसऱ्या नोडात जातो, त्याची मोजणी व्हायच्या आत. जमीन सिडकोने आखलेली, ऑक्टोबर २०१६ पासून कारभार पनवेल महानगरपालिकेचा, योजना कुठली राज्याची, कुठली केंद्राची, आणि डॉक्टर पुष्कळसे खासगी. हे सगळे एका माणसाच्या खोकल्यापाशी यायचे कसे?

डासाला तर यातली एकही हद्द ठाऊक नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. गच्चीवरची टाकी सोसायटीची, खड्ड्यातले पाणी ठेकेदाराचे, कुंडीखालची ताटली आपली. एकाने कोरडे केले आणि दुसऱ्याने नाही, तर डास दोघांकडे येतो. येथे नुसता सद्भाव कामाचा नाही. वार ठरवून सगळ्यांनी त्याच दिवशी भांडी रिकामी करावी लागतात. दिंडीत पाण्याचा टँकर पुढे कोणी न्यायचा, तंबू कोणी ठोकायचे, सगळे आधी ठरलेले असते. ऐनवेळी ‘तू का मी’ केले तर वारकरी उपाशी राहतो.

क्षयाच्या बाबतीत कायदा तरी जागा आहे. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनीही क्षयरोग्याची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक आहे. नोंद असली म्हणजे रोगी गाव सोडून गेला तरी तिकडच्या केंद्राला त्याचा पत्ता कळू शकतो. पण नोंद होते ती दवाखान्यात गेल्यावर. त्याच्या आधीचे दोन महिने तो माणूस आपल्यात असतो. आपल्या इमारतीचा जिना पुसत असतो, आपल्या शेजारी बसून नाम घेत असतो. त्या दोन महिन्यांचा हिशेब कुठल्याही कचेरीकडे नाही. तो आपल्याकडे आहे. आणि मालकिणीने एक दिवसाचा पगार न कापता “जा, तपासून ये” म्हटले असते, तर? जादा बैलजोडी कधी कधी एवढीशीच असते. ती लावायला महापालिका लागत नाही, हे मात्र कबूल करायला जड जाते, कारण आमच्यातल्या अनेकांच्या घरीही कामाला बाई येते.

गेल्या एकादशीपासून आम्ही हरिपाठ संपल्यावर थोडे थांबतो. टाळ खाली ठेवतो. आमच्यातले एक वृद्ध आगरी बुवा, चोपदाराचा मान नसताना, हात वर करतात आणि विचारतात, “आज कोन नाय आला?” वस्तीच्या आशाताईंनाही आम्ही बोलावले, त्या दोनदा येऊन बसून गेल्या. त्यांच्या सांगण्यावरून एक वही केली: नाव, खोली कुठे, मूळ गाव कोणते, कोणाला बरे नाही. पहिल्या दिवशी न आलेल्यांची नऊ नावे निघाली. सात जणांचा पत्ता कोणाला ना कोणाला ठाऊक होता. उरलेले दोघे कित्येक महिने आमच्याबरोबर हरिपाठाला बसत होते, आणि ते राहतात कुठे, हे मंदिरात कोणालाच सांगता आले नाही.