रुग्णाला विचारले का?



यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तिमय आंधळा आहे, हे येशूला दिसत नव्हते काय? त्याला काय हवे हे लहान मूलही सांगू शकले असते. तरीही प्रभू थांबला, त्याला जवळ बोलावले आणि काय हवे ते त्यालाच विचारले (मार्क १०:४६-५२). त्याआधी लोकांनी काय केले होते? त्याला दटावले होते. येशूबरोबर चालणारीच माणसे होती ती, बरे का!

दवाखान्यात हा जमाव आजही भेटतो. शिकलेल्या, ओळखीच्या माणसाला खुर्ची मिळते, सगळे समजावून सांगितले जाते. पाड्यावरची आदिवासी भगिनी मात्र केसपेपर धरून उभी असते. कोणती गोळी कशाची, हे विचारायला तिची जीभ रेटत नाही. आणि तिथेच घात होतो. कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठते, आधीच्या डॉक्टरांनी काय दिले होते, हे तिलाच ठाऊक असते. तिचे ऐकलेच नाही तर चूक पकडणार कोण?

महाराष्ट्रात याची एक चांगली वाट पडलेली आहे. २००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिले जिल्हे पाच: अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे. त्या वेळी आपली वसई ठाण्यातच होती. गावकऱ्यांनी एकत्र बसून आरोग्यसेवेचे प्रगतिपुस्तक भरले. हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. मग जनसुनवाईत साधी बाया-माणसे अधिकाऱ्यांसमोर उभी राहिली. औषधे बाहेरून का आणायला लावता? मोफत सेवेचे पैसे का घेता? काही ठिकाणी ही वसुली खरोखरच थांबली. डॉक्टरांना प्रारंभी हे रुचले नाही, आणि ते साहजिकच होते. पण रिकाम्या जागा, औषधांचा तुटवडा ही त्यांचीही दुखणी तिथेच पुढे आली.

खासगी रुग्णालयांनाही २०२१ च्या नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. आपल्यापैकी किती जणांनी ती वाचली आहे?

आपल्या धर्मग्रामात परिचारिका पुष्कळ आहेत. त्यांना आणि सर्वांनाच एक विनंती. घरी कामाला येणारी बाई आजारी पडली तर तिच्यासोबत दवाखान्यात जा. जुन्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या गोळ्या पिशवीत घ्या. मात्र डॉक्टरांनी विचारले की उत्तर तुम्ही देऊ नका, तिला देऊ द्या.