मार्कांसाठी केलेलं आत्मपरीक्षण

आपल्या चुका खरेपणाने लिहा, मग आम्ही त्यावर मार्क देऊ, असं कुणी म्हटलं तर तुम्ही खरं लिहाल का?

बी.एड. करणाऱ्यांपुढे आज हाच प्रश्न आहे. एनसीटीईच्या 2014 च्या नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला, शाळेतली आंतरवासिता वाढवली. आपल्या शिकवण्याकडे मागे वळून बघणंही अभ्यासाचा भाग झालं. कल्पना चांगलीच आहे. करताना आणि केल्यावर विचार करत माणूस आपलं काम शिकतो, हे डॉनल्ड शॉनने 1983 मध्ये पुस्तक लिहून मांडलं होतं.

बोदवडची माझी मामेबहीण रोज पाठाचं टाचण, फळ्याचे फोटो आणि ‘आजचं चिंतन’ ई-पोर्टफोलिओत चढवते. एकदा तिने विचारलं, “दादा, पाठ फसला असं लिहिलं तर मार्क जातील ना?”

समजा, सहावीतल्या एका पोराने घरच्या बोलीत बरोबर उत्तर दिलं. बाईंनी आधी त्याची भाषा सुधारली. पोरगं तासभर गप्प बसलं. पोर्टफोलिओत काय येईल? ‘विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवण्यास वाव आहे.’ वाक्य खोटं नाही, पण त्यात ते पोरगं कुठेच नाही.

कुणीच वाचणार नसेल तर लिहायचा कंटाळा येतो, हेही खरं. म्हणून वाचणारा कोण, हे महत्त्वाचं. साने गुरुजी 1920 च्या दशकात अमळनेरच्या छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढत. ज्यांच्यासाठी काम, तेच वाचक. तिथे मार्कांचा संबंधच नव्हता.

माझ्या कामात गिट वापरतात. कोडमधला प्रत्येक बदल, तो का केला यासकट, त्यात जपला जातो. चूक केल्याचं किती वाईट वाटलं, हे तिथे कुणी विचारत नाही. पुढचा बदल काय केला, ते बघतात.

पोर्टफोलिओही तसा तपासता येईल. कबुलीजबाबाला मार्क नकोत. सोमवारचं टाचण आणि पुढच्या सोमवारचं टाचण शेजारी ठेवा, काय बदललं ते विचारा. आणि एक फोल्डर असा असू द्या, जो शिक्षकाशिवाय कुणी उघडणार नाही. तिथे त्या पोराबद्दल खरं लिहिता येईल. ते खरं उतरलं की नाही, हे पुढच्या तासाला त्याने हात वर केला की कळेलच.