कुकरातला केक

गोंदियाच्या बाजारात केक मिळतो, नाव घालून, फुलं काढून. तरी आमगाव, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे वाढदिवसाचा केक घरच्या कुकरातही होतो. ओव्हनवाचून काही अडत नाही. शिट्टी आणि रबर काढायचं, तळाशी मीठ पसरायचं, दहाएक मिनिटं तापू द्यायचं. रवा, दही, साखर आधीच मुरत ठेवलेली असते. खाण्याचा सोडा मात्र अगदी शेवटी. दह्याच्या आंबटपणाशी त्याची गाठ पडली की लगेच वायू सुटतो आणि त्याच बुडबुड्यांवर केक फुलतो. सोडा घालून गप्पा मारत बसलात, तर केकही बसलाच! म्हणून जोडीला मैत्रीण हवी: एकीने मिश्रण ओतायचं, दुसरीने झाकण धरून उभं राहायचं.

तसं आपल्या धानाच्या मुलखाला हे नवं नाही. दिवाळीचे अनारसे एकटीने करतं कोण? तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवून कुटायचे, गुळात पीठ मुरवायचं. मग एक थापते, दुसरी तळते; आणि तुपात अनारसा हसला की दोघींचे चेहरे पडतात.

विकतचा केक देखणा, यात वाद नाही. पण कुकराचं झाकण पाऊण तास उघडायचं नसतं, आणि त्या मंद आचेवर फोनवर कधी न निघालेलं बोलणं निघतं. सासरचं, रोवणीच्या मजुरीचं, पोरांच्या परीक्षेचं.

आज कुणाकडे वाढदिवस असेल, तर दही आत्ताच फ्रिजबाहेर काढून ठेवा.