काढलेल्या चेहऱ्याचा हिशेब

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पुतण्याने आपला मोबाईल अब्बांच्या हातात दिला. तो पुण्यात संगणकावरच्या खेळांसाठी पात्रे काढतो. सणाला हिंगोलीला उतरून सेनगावची गाडी पकडून येतो, तेव्हा घरातले सगळे त्याला एकच विचारतात, की दिवसभर चित्रे काढण्याचा पगार कोणी कसा देते. या वेळी तो स्वतः होऊन दाखवत होता. पडद्यावर एक म्हातारा होता. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, डोळ्यांत सुरमा, हातात बंदूक. खेळातल्या एका टोळीचा म्होरक्या. अब्बांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिले. नाक अब्बांचे होते, भुवया अब्बांच्या होत्या, डाव्या डोळ्याखालचा तीळसुद्धा जागच्या जागी होता.

“ये क्या करता?” अब्बांनी विचारले.

“कुछ नई, दादा. तिसरे लेव्हल में आता, और मरता.”

“फिर मेरी आंखां इसकू कायकू दिया रे?”

पोरगा हसला आणि मग गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. वरून सूचना आली होती, की पात्र ‘तिकडचे’ दिसले पाहिजे. हे ‘तिकडे’ म्हणजे कुठे, ते कोणी सांगितले नव्हते आणि यानेही विचारले नव्हते. म्हाताऱ्याचा चेहरा हवा होता. हाताला जो चेहरा पाठ होता तो हाताने काढला.

त्याच्या धंद्याची बाजू आम्ही त्याच्याकडूनच समजून घेतली. पात्र काढताना आधी त्याची नुसती काळी सावली काढतात. सावलीवरून ते ओळखू आले पाहिजे. गोल आकार असला की पाहणाऱ्याला माया वाटते, चौकोनी असला की भरवसा वाटतो, टोकदार त्रिकोणी असला की धोका वाटतो. मग तेच पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून काढायचे. मग त्याचे हसणे, रागावणे, घाबरणे यांचा वेगळा कागद करायचा. नायकाच्या अशा भावमुद्रा भरपूर असतात. तिसऱ्या टप्प्यात मरणाऱ्याला दोन पुरतात, एक चिडण्याची आणि एक मरण्याची. खेळणाऱ्याला विचार करायला अर्धा क्षण मिळतो, तेवढ्यात त्याला कळले पाहिजे की हा शत्रू. दाढी-टोपी तिथे कामाला येते. ती ओळखीची आहे आणि फुकट मिळते.

आता आमच्या मजहबात चित्राचा प्रश्न जुना आहे. मोहल्ल्यात कोणी चित्र काढू लागले की हदीस ऐकवणारा कोणी ना कोणी भेटतोच (तो बहुधा मोबाईलवर मौलानांचे व्हिडिओ पाहत बसलेला असतो, ते सोडा). सजीवांची चित्रे काढणाऱ्याला कयामतच्या दिवशी सांगितले जाईल, की जे बनवलेस त्यात आता जीव ओत. बुखारीतच एक प्रसंग आहे. एक माणूस हजरत इब्ने अब्बास यांच्याकडे येतो आणि म्हणतो, माझे पोट या हातच्या कामावर आहे, मी चित्रे बनवतो. इब्ने अब्बास त्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांचे हे वचन ऐकवतात. त्याचा चेहरा उतरतो. तेव्हा ते म्हणतात, करणे भागच असेल तर झाडे काढ, ज्यात रूह नाही अशा वस्तू काढ. आम्हाला त्या उतरलेल्या चेहऱ्याची आठवण पुतण्याकडे पाहून झाली. त्याचेही पोट हातावरच आहे, आणि झाडांच्या चित्रांवर पुण्यातले घरभाडे निघत नाही.

पण हदीसच्या त्याच खजिन्यात दुसरा प्रसंगही आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्या खेळण्यांत पंख असलेला एक घोडा होता. प्रेषितांनी विचारले, घोड्याला पंख? त्या म्हणाल्या, सुलेमानच्या घोड्यांना पंख होते हे ऐकले नाही का? यावर प्रेषित दाढा दिसेपर्यंत हसले. चित्र आणि खेळणे यांत उलेमांनी फरक केला तो अशा आधारांवर. आमच्या बाजूच्या कितीतरी घरांत दर्ग्याच्या जत्रेतून आणलेला बुराकचा कागद भिंतीवर असे, बाईचा चेहरा आणि पंख असलेला. मुहर्रमला मराठवाड्यातल्या गावोगाव अंगावर पट्टे रंगवून माणसे वाघ व्हायची. पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेनांनीही चित्रकार म्हणून नाव होण्याआधी मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवली आणि खेळणी बनवली. म्हणजे पात्र काढणे आम्हाला परके नाही. चित्र काढावे की नाही, हा वाद आम्ही इथे बाजूला ठेवतो. आम्हाला अडवतो तो त्या हदीसमधला सवाल: यात जीव ओत. तो आम्हाला आता शिक्षेपेक्षा धंद्याच्या अटीसारखा वाटतो. चेहरा काढलास ना? मग त्याला जीव देणे तुझ्यावर बाकी आहे.

आईन-ए-अकबरीत अबुल फजलने बादशहा अकबराचे असेच एक म्हणणे नोंदवले आहे. चित्रकार एकेक अवयव रेखतो, पण जीव घालू शकत नाही, आणि म्हणून त्याला जीव देणाऱ्याची आठवण होते. अकबराच्या कारखान्यात इराणहून आलेले उस्ताद आणि इथले हिंदू चित्रकार एकाच कागदावर काम करत. पुढे मुघल दरबारात तयार झालेली ती कलम पहाडी राज्यांत पोहोचली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेल्या ‘राजी’ या खेळात त्याच पहाडी चित्रांचे रंग आहेत. भावाला शोधत निघालेली एक सर्कशीतली मुलगी त्याची नायिका आहे. परदेशी साच्याची नक्कल न करता आपल्या मातीतला चेहरा काढता येतो आणि तो विकताही येतो, हे आमच्या पुतण्यासारख्या मुलांनी त्यात पाहिले.

बाहेरच्या जगात काय झाले? १९९२ साली डिस्नेचा ‘अल्लादीन’ आला. त्याच्या वळणदार रेषेत अरबी सुलेखन होते, इराणी लघुचित्रे होती. पण नायक-नायिकेची बोली अमेरिकन, आणि वाकड्या नाकाचे, जाड उच्चारांचे लोक बाजारात. सुरुवातीच्या गाण्यात अरबांच्या देशाबद्दल जे म्हटले होते, त्यातल्या ओळी अरब-अमेरिकन लोकांच्या विरोधानंतर १९९३च्या व्हिडिओ आवृत्तीत बदलल्या. चेहरे मात्र तेच राहिले. २००७च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’मध्ये मध्यपूर्वेतला देश बिननावाचा आहे आणि त्यातली मरणारी माणसेही. २०२२ साली ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या चिनी खेळात सुमेरू नावाचा प्रदेश आला. इराण, अरबस्तान, हिंदुस्तान यांच्या घुमटांनी आणि बागांनी सजवलेला, पण राहणारे बहुतेक गोरेपान. खेळणाऱ्यांनीच त्यावर ओरड केली. पाहुण्याने आमचे घर मागून घ्यावे आणि आम्हाला अंगणात उभे करावे, असे काहीसे ते आहे. उलट ‘असॅसिन्स क्रीड मिराज’मध्ये २०२३ साली नवव्या शतकातले बगदाद उभे राहिले. त्यातला बासिम चोर आहे, खुनीही आहे, पण त्याला झोपेत भीती वाटते. ती भीती कोणीतरी बसून काढली आहे.

आम्ही फक्त दुसऱ्यांकडे बोट दाखवले तर तो हिशेब खोटा होईल. २००३ साली लेबनॉनच्या हिजबुल्लाहने ‘स्पेशल फोर्स’ नावाचा खेळ काढला. तिथे समोरून येऊन मरतो तो इस्रायली सैनिक. बाजू बदलली, दोन मुद्रांचा कागद तोच. आणि आमच्या स्वतःच्या ओट्यावरच्या गप्पांत दुसऱ्या समाजाचा माणूस येतो तेव्हा त्याला तरी आम्ही किती मुद्रा देतो?

यात आता यंत्र आले आहे. २०२५च्या मार्चमध्ये लोकांनी आपापले फोटो जपानच्या घिबली स्टुडिओच्या शैलीत करून घेतले. सेनगावातही लग्नाच्या फोटोंचे तसे झाले आणि आम्हालाही ते गोड वाटले. ज्या हातांनी ती शैली वर्षानुवर्षे घडवली त्यांना कोणी विचारले नाही. पुतण्या सांगतो, की यंत्राला ‘दाढीवाला डाकू’ म्हटले की एका मिनिटात अनेक चेहरे येतात आणि ते सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात. यंत्र त्याला मिळालेल्या चित्रांवरून शिकले, आणि त्या चित्रांत दाढीवाला जसा होता तसाच ते परत देते. आमचा पोरगा चुकला तेव्हा निदान अब्बांना विचारायला समोर कोणीतरी होते. यंत्राच्या चेहऱ्यात जीव ओतायला कयामतच्या दिवशी कोणाला उभे करणार, हे आम्हाला खरोखर सुचत नाही.

सुट्टी संपवून तो पुण्याला गेला आणि त्याने ते पात्र पुन्हा काढले. बंदूक राहू दिली, कारण ती काढणे त्याच्या हातात नव्हते. पण दुसऱ्या हाताला एका नातीचे बोट दिले आणि म्हाताऱ्याला थोडे दमलेले केले. ते चित्र परत आले. शेरा होता, की हा असा दिसला तर खेळणारा गोळी झाडताना थांबेल. पोराने हे आम्हाला फोनवर सांगितले तेव्हा त्याला वाईट वाटत होते की अभिमान, ते कळेना. नोकरी नवी आहे, घरी पैसे पाठवायचे असतात. त्याने नात पुसली आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर डोळ्यांपर्यंत फडके बांधले. डोळेही बदलले.

नातीचे बोट धरलेला कागद त्याने पुढच्या खेपेला छापून आणला. घरात नमाज होते, म्हणून अब्बांनी तो भिंतीवर लावू दिला नाही. रेशन कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत घालून कपाटात ठेवला आहे. परवा कार्ड काढताना तो खाली पडला, तेव्हा अब्बा म्हणाले, पोरीला चपला काढायच्या राहिल्यात, त्याला सांगा.