उसने आणि ऋण

परवा एक माजी विद्यार्थी घरी आला. त्याला स्वतःच्या हिमतीवर चित्रपट काढायचा आहे. म्हणाला, "सर, दुसऱ्याचा चित्रपट बघून मला सुचलं, तर ती चोरी होते का?"

प्रश्न साधा नाही. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. १९१३ साली पडद्यावर आणला तो मात्र राजा हरिश्चंद्र. सत्यजित राय यांनी १९५० मध्ये लंडनला डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' पाहिला. १९५५ च्या 'पथेर पांचाली'त दिसले ते बंगालमधले खेडे. दोघांनी गोष्ट उचलली नाही, धीर उचलला.

आपल्या दशावतारात तरी वेगळे काय? आख्यान सर्वांचे, संवाद नटाने उभ्या उभ्या स्वतःचे बोलायचे. पेडण्यातील मोरजीच्या लक्ष्मीकांत शेटगावकरांनी २००९ साली 'पलतडचो मनीस' काढला. त्यात घाटातल्या रानातला एकाकी माणूस कोकणीतच बोलतो; तरी टोरोंटोच्या महोत्सवात समीक्षकांनी त्याला गौरविले.

मग ऋण कोणाचे? फाळके आणि राय, दोघांनीही विम्याच्या पॉलिसीवर पैसा उभा केला; दोघांच्याही पत्नींचे दागिने घराबाहेर गेले. पडद्यावर नाव मात्र एकाचेच मोठे होते.

मी म्हटले, "बाबा रे, डी सिकाचे देणे तुझ्या गावाचे खरे चित्र दाखवलेस की फिटेल. आईच्या पाटल्या मागायला जाशील, तेव्हा मात्र दोनदा विचार कर."

तो बराच वेळ खाली मान घालून बसला. पाटल्या बहुधा आधीच मागून झाल्या असाव्यात.